जोडणी क्रमांक चार

उष्णता कधीही नष्ट होत नाही. ती फक्त आपली जागा बदलते. या एका नियमावर सूर्य, तारे, आगगाडीचं इंजिन आणि चहाची किटली सारख्याच इमानाने चालतात, आणि माणसाची सगळी प्रगती म्हणजे ही उष्णता इथून उचलून तिथे ठेवण्याचा इतिहास आहे. बॉयलरसाहेबांच्या गाडीत ती इंजिनातून उचलून त्यांच्या बायकोच्या पायांवर ठेवली जायची.

त्याचं असं होतं. इंजिन तापायला लागलं की साहेब गाडीतला हीटर पूर्ण सोडायचे. हीटर म्हणजे काही वेगळी चूल नव्हे. इंजिनातलंच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा त्याची ऊब आत फेकतो. म्हणजे हीटर सोडला की इंजिनाच्या डोक्यावरचा ताप तेवढा हलका होतो. हे शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. बाहेर त्रेचाळीस अंश असताना, चारही काचा खाली करून, मांडीवर ओला टॉवेल घेऊन बसलेल्या बाईला ते पटवून देणं मात्र शास्त्राच्या कक्षेत येत नाही.

“अहो, माझ्या चपलेचा तळ वितळतोय.”

“तो चपलेचा दोष झाला. इकडे बघ, काटा कसा खाली आला!”

“काटा खाली आला आणि मी वर चालले.”

मागच्या सीटवर सासूबाई बसायच्या. वय ब्याऐंशी, आणि थंडी बारा महिने. घरात पंखा लावला की त्या दुसऱ्या खोलीत जायच्या आणि तिथला पंखा बंद करून यायच्या. भर मे महिन्यात हीटर सोडल्यावर समाधान पावणारं माणूस साहेबांना नशिबानं घरच्या घरीच मिळालं होतं. “जावईबापू, आत्ता कुठे हाडांत जीव आला,” त्या शाल सारखी करत म्हणायच्या. गेल्या थंडीत तर त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की माझा जावई म्हणजे शेकोटी आहे. आधी गाडीत ऊब यायला चांगली पंधरा मिनिटं लागायची, साहेबांनी ती चार मिनिटांत आणून दाखवली होती. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. “खात्याचा अनुभव,” एवढंच म्हणाले आणि भात वाढून घेतला.

खातं बॉयलरचं. कारखान्यातले बॉयलर तपासून ते फुटणार नाहीत असं लिहून देण्याचं काम साहेबांनी बत्तीस वर्षं केलं. त्यांनी सही केलेला एकही बॉयलर फुटला नाही. तीन कारखाने बुडाले, पण त्यांचे बॉयलर शेवटपर्यंत शाबूत होते. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना बॉयलरसाहेबच म्हणत, आणि अशा माणसाची गाडी भर चौकात शिट्टी मारून उकळते, यात गल्लीला जो आनंद होता तो लपवण्याची तसदी कुणी घेत नव्हतं.

साहेब हातावर हात ठेवून बसले होते असं मात्र नाही. मार्चपासून त्यांनी गाडीची तपासणी चालू ठेवली होती, आणि ती खात्याच्या पद्धतीने. पद्धत अशी की सुरुवात धुराड्यापासून करायची आणि शेवट भट्टीच्या तोंडाशी. म्हणजे गाडीत मागच्या धुराच्या नळीपासून निघून पुढच्या जाळीपर्यंत यायचं. एकूण अकरा कलमं. वाटेत दोष सापडला की तिथेच थांबायचं, दोष दूर करायचा आणि पुन्हा कलम एकपासून आरंभ करायचा. या पद्धतीत फट नाही. फक्त गाडी बावीस वर्षांची असल्यामुळे तीन महिन्यांत साहेब कलम सातच्या पुढे कधी पोचले नव्हते. मागच्या बाजूने ती गाडी आता कुणाच्याही नव्या गाडीला लाजवील अशी झाली होती.

शिवाय नोंदवही होती. गाडीला जे काही तात्पुरतं जोडलं असेल त्याला क्रमांक द्यायचा, त्यावर चिठ्ठी लावायची आणि दर महिन्याच्या एक तारखेला नोंदवहीत शेरा मारायचा. जोडणी क्रमांक एक, आरशाला बांधलेली तार: यथास्थित. क्रमांक दोन, मागच्या दाराचा पट्टा: यथास्थित. क्रमांक तीन, दिव्यावरची चिकटपट्टी: यथास्थित. क्रमांक चारचा तपशील जुन्या वहीत राहून गेला होता आणि जुनी वही माळ्यावर होती, पण म्हणून शेरा चुकवायचा नसतो. क्रमांक चार: यथास्थित. सही. एप्रिलमध्ये सही, मे महिन्यात सही.

मे संपता संपता, एका मंगळवारी, गाडी भाजीबाजाराच्या तोंडाशी उकळली. चार अनोळखी माणसांनी ढकलली. त्यांतल्या एकाने ढकलता ढकलता खिडकीतून आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. “साहेब, तुमचा हीटर चालू राहिलाय.”

“राहिलेला नाही. ठेवलाय,” साहेब म्हणाले.

त्या दिवशी घरी आल्यावर बाईंनी ओला टॉवेल दोरीवर पिळून घातला आणि शांतपणे बोलायला सुरुवात केली. बाई शांतपणे बोलल्या की साहेब उभे राहायचे.

“रविवारी आईला ताईकडे पोचवायचं आहे. टेकडी चढायची आहे. तुमच्या गाडीने जाऊ, मी नाही म्हणत नाही. पण वाटेत ती तापून उभी राहिली ना, तर ती तिथेच भावोजींना देऊन टाकायची. परत यायचं ते भावोजींच्या गाडीतून. आणि यापुढे कुठेही जायचं ते त्यांच्याच गाडीतून.”

“आणि मी कुठे बसायचं?”

“मागे.”

हा शब्द साहेबांच्या छातीत बसला. ताईंचे यजमान, म्हणजे साहेबांचे साडू, शीतगृहांची यंत्रं विकत. एकाने जन्मभर जगाला गरम करायचं आणि दुसऱ्याने गार, अशी दोघांची वाटणी होती, आणि उन्हाळ्यात लोक कुणाकडे जातात हे सांगायला नको. साडूंच्या नव्या गाडीत बसलं की डोळ्यांतलं पाणी गोठायचं. ते गाडी चालवताना मागे वळून बोलत. “काय साहेब, गारवा कमी करू का? सवय नसेल तुम्हाला,” असं म्हणत आणि वाढवत. बावीस वर्षं स्वतःच्या गाडीचं चाक हातात धरलेला माणूस उरलेलं आयुष्य त्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन, साडूंच्या मानेकडे बघत काढणार होता. साहेबांच्या हातात पाच दिवस होते.

बुधवारी ते मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीचं गॅरेज पत्र्याच्या छपराखाली होतं आणि उन्हाळ्यात तिथे पाना उचलायलाही फडकं लागायचं.

“गाडी सोडून जा साहेब, संध्याकाळपर्यंत बघून ठेवतो,” मिस्त्री म्हणाला. “आधी रेडिएटरकडे पुढून बघतो. हवा नीट मिळते का ते...”

“पुढची बाजू कलम अकरा.”

“मग आज कलम अकरा बघू की.”

“सध्या आपण सातवर आहोत.”

“अकरावर कधी येणार?”

“क्रमाने,” साहेब म्हणाले.

मिस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला आणि काय हवंय ते विचारलं. साहेबांनी कागद पुढे केला. बॉनेटखालच्या उष्णतेवर त्यांनी रात्रंदिवस विचार केला होता आणि मूळ दोष त्यांना सापडला होता. जगातल्या कुठल्याही भट्टीला धुराडं असतं. मोटारीच्या इंजिनाला मात्र वरून झाकण घालून कोंडून ठेवतात आणि मग तापलं म्हणून बोंब मारतात. तेव्हा बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ते दोन बोटं उचलायचं. त्या फटीवर पत्र्याची टोपी बसवायची. टोपीतून दीड फुटांची उभी नळी काढायची आणि नळीवर पाऊस आत येऊ नये म्हणून छत्री.

मिस्त्रीने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “साहेब, चालवताना पुढचं दिसणार कसं?”

“उजवीकडचं मला दिसेल. डावीकडचं ही सांगेल.”

“वहिनींना विचारलंय?”

“तू पत्रा काप.”

शुक्रवारी संध्याकाळी गाडी गल्लीत आली तेव्हा माणसं गच्चीवर गेली. बॉनेटवर धुराडं होतं. आत धुराची नळी उष्णतारोधक पट्टीने अशी गुंडाळली होती की प्लास्टरमध्ये घातलेला पाय वाटावा. बॅटरीला चंदेरी कागदाचा अंगरखा होता. स्वयंपाकघरातले दोन तापमापक बाईंना न विचारता बॉनेटखाली बदलून गेले होते. शेजारचे पेन्शनर गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले आणि गंभीरपणे म्हणाले, “उत्तम. कोळसा कुठून टाकायचा?”

 शनिवारी साहेबांनी पुन्हा कलम एकपासून तपासणी केली. कलम सहापर्यंत एकही दोष नव्हता. कलम सात, डायनॅमोचा पट्टा, तोही ठीक निघाला. साहेबांना हुरूप आला. कलम आठला बॅटरीचा एक पेच सैल सापडला. तो त्यांनी आवळला आणि नियमाप्रमाणे पुन्हा धुराच्या नळीशी जाऊन बसले. मग अंधार पडला.

रविवारी बाईंचं म्हणणं होतं की उन्हं चढायच्या आत, सातला निघावं. साहेबांचं म्हणणं होतं की निघण्यापूर्वी थंड यंत्राची उजेडात पाहणी करून शेरा लिहावा. शेरा लिहून झाला तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि यंत्र सोडून कुणीच थंड राहिलं नव्हतं. सासूबाई शाल, मफलर आणि गरम पाण्याची बाटली घेऊन मागे बसल्या. बाई पुढे बसल्या, त्यांच्या मांडीवर ओला टॉवेल, पायाशी ओल्या टॉवेलांची बादली.

“डावीकडे काय आहे?” साहेबांनी धुराड्याच्या उजव्या बाजूने बघत विचारलं.

“सायकल.”

“गेली?”

“ती थांबलीय. तुमच्याकडे बघतेय.”

सपाटीवर काटा मधोमध राहिला. धुराड्याच्या छत्रीखालून गरम हवा थरथरत वर जाताना स्पष्ट दिसत होती, आणि साहेबांना खूप दिवसांनी नोकरीत असल्यासारखं वाटलं. “बघितलंस? नैसर्गिक ओढ! गरम हवा वर जाते, थंड हवा पुढून आत येते.” पुढून काही आत येत होतं की नाही हे त्यांनी पाहिलं नव्हतं, पण नियम त्यांच्या बाजूने होता.

टेकडी सुरू झाली. पहिल्या वळणावर काटा पाऊण झाला. साहेबांनी हीटर एकवर टाकला.

“जावईबापू, छान,” मागून आवाज आला.

दुसऱ्या वळणावर हीटर दोनवर. बाईंनी टॉवेल डोक्यावर घेतला. टॉवेलातून वाफ यायला लागली. “अहो, डावीकडे दरी आहे. मला ती बरी वाटायला लागलीय.”

“तीनच वळणं राहिली. काटा?”

“मला काटा दिसत नाहीये. डोळ्यांत घाम आहे.”

तिसऱ्या वळणावर हीटर पूर्ण. डॅशबोर्डवर ठेवलेली पेपरमिंटची गोळी पसरून नकाशासारखी झाली. साहेबांची बोटं चाकाला चिकटली होती. इतकी, की सोडायची म्हटली तरी सुटली नसती. चौथं वळण पार झालं. वर साडूंच्या बंगल्याचं पांढरं फाटक दिसायला लागलं. फाटकाशी साडू उभे होते, हातात थंड पेल्यासारखं काहीतरी. दोनशे पावलं. फक्त दोनशे.

आणि मागून सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, आता जरा जास्त होतंय का?”

 साहेबांनी आरशात पाहिलं. सासूबाईंनी शाल काढली होती. गेल्या अकरा वर्षांत ती शाल त्यांच्या अंगावरून उतरलेली कुणी पाहिली नव्हती.

पुढच्याच क्षणी बॉनेटखालून एक लांब उसासा आला, आणि धुराड्यातून पांढरी वाफ फूत्कार टाकत आकाशात गेली. एक गोष्ट मान्य करायला हवी: धुराडं अप्रतिम चाललं. वाफ सरळ वर गेली, इकडेतिकडे जराही पसरली नाही. छत्री मात्र उडाली आणि साडूंच्या बागेत पडली. गाडी उभी राहिली. साहेबांनी इंजिन बंद केलं तरी पुढचा पंखा जिवाच्या आकांताने गरगरत होता.

साडू चालत खाली आले. ताई उन्हाची छत्री घेऊन आल्या आणि आईला हाताला धरून वर घेऊन गेल्या. बाई गाडीतून उतरल्या, बादलीतला शेवटचा टॉवेल त्यांनी स्वतःच्या डोक्यावर पिळला आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या.

“वा! साहेब,” साडू धुराड्याकडे बघून म्हणाले, “फलाट कुठे करायचा?”

“चढ जास्त होता,” साहेब म्हणाले.

“असेल, असेल.” साडूंनी खिशातून रुमाल काढला. साहेबांना वाटलं, घाम पुसणार. पण साडूंनी तो गाडीच्या पुढच्या जाळीसमोर दोन बोटांत लोंबता धरला. ही त्यांची धंद्यातली जुनी खोड. कुठलंही यंत्र दिसलं की ते पुढ्यात रुमाल धरत. हवा आत ओढली जात असेल तर रुमाल जाळीला जाऊन चिकटतो, आणि मग त्यांचं पुढचं बोलणं सुरू होतं. लग्नासाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हाही त्यांनी आधी तिथल्या कूलरसमोर रुमाल धरला होता, असं ताई सांगत.

रुमाल लोंबतच राहिला. आत पंखा ओरडत होता, आणि रुमालाला त्याचं काही नव्हतं.

“ही तर हवा घेतच नाहीये,” साडू म्हणाले. त्यांनी जाळीतून बोटं घातली. “आत काहीतरी आडवं आहे. काळं आहे. काय आहे हे?”

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, हात खाली घातला, दोन तारा सोडल्या आणि हळूच वर ओढलं. रेडिएटरच्या पुढ्यातून एक जाड पुठ्ठा बाहेर आला. रेडिएटरच्या बरोब्बर मापाचा. कोपरे नीट गोल कापलेले. बाहेरून दिसू नये, बरं दिसावं, म्हणून काळा रंग दिलेला. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी होती.

साडूंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. “जोडणी क्रमांक चार. तात्पुरती. हेतू: पुढची हवा अडवून इंजिन लवकर तापवणे व सासूबाईंना चार मिनिटांत ऊब देणे. काढण्याचा दिनांक: एक मार्च.”

 पंखा आता मोकळी हवा ओढत होता, आणि साडूंच्या हातातला रुमाल फडफडून जाळीला जाऊन चिकटला.

“खाली सही आहे का?” बाईंनी दगडावरून विचारलं.

“आहे.”

“कुणाची?”

साडूंनी चिठ्ठी साहेबांपुढे धरली. साहेबांनी ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. “निरीक्षकाची आहे,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही दर महिन्याला त्या वहीत काय लिहीत होता?”

“यथास्थित.” साहेबांनी घसा साफ केला. “आणि ती यथास्थितच होती. वही चुकलेली नाही. कलम अकराला ही सापडणारच होती. क्रमाने.”

पंधरा मिनिटांनी इंजिनात पाणी भरलं. साहेबांनी हीटर बंद ठेवून गाडी सुरू केली आणि उरलेली दोनशे पावलं ती फाटकापर्यंत चढली. काटा मधोमध राहिला, हालला नाही. फाटकात साहेब ताठ मानेने उतरले. “म्हणजे गाडीत दोष नव्हता, हे सिद्ध झालं,” ते बाईंना म्हणाले. “तेव्हा आपलं जे बोलणं झालं होतं, ते आता लागू होत नाही.”

“तापून उभी राहिली की नाही?”

“राहिली, पण गाडीचा दोष...”

“गाडीचा काहीच दोष नाही हो,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर तिला चांगल्या घरी देतेय.”

साडूंनी किल्ली घेताना एवढंच विचारलं, की धुराडं ठेवायचं का. साहेब म्हणाले, तुमची मर्जी.

परत येताना साहेब मागच्या सीटवर बसले, मांडीवर पुठ्ठा घेऊन. गारवा कमी करू का, असं साडूंनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा वाढवला. साहेबांनी नाही म्हटलं नाही. घरी आल्यावर त्यांनी नोंदवही उघडली आणि क्रमांक चारपुढे ‘काढली’ असा शेरा मारला. मग त्यांनी पुठ्ठ्यावरची धूळ पुसली आणि तो माळ्यावर, जुन्या वहीच्या शेजारी, उभा करून ठेवला.

गाडी साडूंकडे आहे. ते तिच्यातून यंत्रांचे सुटे भाग पोचवतात. त्या उन्हाळ्यात ती एकदाही तापली नाही, पुढेही नाही. डिसेंबरात सासूबाई ताईंकडे होत्या आणि साडूंची गार गाडी सोडून याच गाडीत बसायच्या. तेव्हा एका सकाळी साडूंचा फोन आला: तो पुठ्ठा आहे का?

होता.